उलटं ग्रिमसेट

एडविन किर्टन प्रदर्शनाच्या दारात दिसला की लोक आपापल्या छोट्या रेल्वेवर चादर टाकायचे, असं बर्नर्ड लम सांगतो. बर्नर्डला मीठमसाला लावायची सवय आहे, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मं खरं आहे. सगळ्या यॉर्कशायरात एडविनसारखा खुसपट काढणारा माणूस नव्हता. कोणी वर्षानुवर्षं खपून एखादं जुनं स्टेशन बांधावं, रूळ, पूल, मालधक्का, इंजिनं, सगळं खेळण्याएवढं पण खऱ्याच्या बरहुकूम, आणि ह्यानं चष्मा कपाळावर चढवून वाकावं नि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं, "सिग्नलचा हात वर जाणारा लावलाय. ह्या लाइनवर त्या साली खाली पडणारा होता. पुरावा काय तुमच्याकडे?"

"आमचे आजोबा सांगायचे..."

"आजोबा म्हणजे पुरावा नव्हे. फोटो दाखवा."

लँकेशायरचा एक गृहस्थ तर एकदा रडकुंडीला आला होता. मग एडविननंच त्याला चहा पाजला, आणि पुढे स्वतःच्या हातानं केलेले सिग्नल डब्यात घालून त्याला पोस्टानं पाठवले. हे मात्र त्यानं कोणाला कळू दिलं नाही. माणूस खवट होता, वाईट नव्हता.

आणि तोंड होतं तसा हातही होता. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. त्याचं काम बघून शत्रूसुद्धा गप्प बसायचे. मेथडिस्ट चर्चच्या मागे एक लाकडी शेड आहे, तिथं एडविन-बर्नर्डचा छोट्या रेल्वेचा क्लब. पाच म्हातारे, एक किटली, आणि हिवाळ्यात एक असा हीटर की जो त्याच्यासमोर बसेल त्याचीच फक्त नडगी भाजते. ह्या शेडमध्ये पाचजणांनी मिळून ग्रिमसेटचं छोटं स्टेशन बांधलं. बर्नर्डनं रूळ टाकले, दुसऱ्यानं तारा जोडल्या, तिसऱ्यानं डोंगर उभा केला, पण इमारती सगळ्या एडविनच्या. स्टेशनच्या भिंतीचा एकेक दगड त्यानं सुईच्या टोकानं कोरला होता. छपराच्या पाट्या कागदाच्या, एकेक कापून एकेक चिकटवलेली, आणि पावसाळी वाऱ्याकडच्या बाजूच्या पाट्या किंचित जास्त काळवंडलेल्या. उगाच नाही लोक तोंडात बोट घालायचे.

ग्रिमसेट म्हणजे आमच्या खोऱ्याचं पार वरचं टोक. लाइन तिथं संपायची. नॉर्थ ईस्टर्न कंपनीनं ती बांधली आणि छप्पन साली सरकारनं बंद केली. मग स्टेशन पाडलं, दगड कोणी कोणी मेंढवाड्यांना नेले, आणि आज तिथं नुसतं कुरण आहे. एडविनचा जन्म त्याच गावचा. त्याचा बाप सेथ किर्टन हा ग्रिमसेटचा पोर्टर. लाइन बंद झाली तेव्हा एडविन सहा वर्षांचा होता. बापानं बिऱ्हाड गाडीत टाकलं, खाली शहरात आणलं, आणि लोकरीच्या गिरणीत नोकरी धरली.

एडविनच्या घरी बक्षिसांचे कप होते, मार्जरी, त्याची बायको, ते पुसून पुसून वैतागायची. पण कपांनी त्याचं पोट भरलं नव्हतं. त्याला हवं होतं ते एकच. ग्रिमसेटच्या माणसांनी समोर उभं राहून म्हणावं, हो, हेच आमचं स्टेशन. बस्स.

आणि तिथंच माशी शिंकली होती.

ग्रिमसेटच्या शेवटच्या स्टेशनमास्तरची मुलगी, हेस्टर ऑल्डरसन, अजून हयात होती. नव्वदीला टेकलेली, लग्न न केलेली, पाठीचा कणा ताठ, आणि जीभ त्याहून ताठ. दोन वर्षांपूर्वी एडविननं तिला मोठ्या कौतुकानं शेडमध्ये बोलावलं होतं. तिनं काठी टेकून स्टेशनाकडे बघितलं आणि म्हणाली, "हे उलटं आहे."

"काय उलटं, मिस ऑल्डरसन?"

"सगळंच. माझ्या वडिलांचं ऑफिस गावाकडच्या टोकाला होतं. खिडकीतून त्यांना वरचा रस्ता दिसायचा, कोण धावत येतंय ते बघून ते गाडी थांबवायचे. तुम्ही त्यांना दुसऱ्या टोकाला बसवलंय, मेंढ्यांकडे तोंड करून."

एडविननं भिंतीवरचा फोटो काढून आणला. ग्रिमसेटच्या इमारतीचा समोरून घेतलेला तेवढाच एक फोटो जगात होता. एका हौशी माणसाच्या जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून छापलेला, पोस्टकार्डाएवढा. भिंतीवरच्या जाहिराती पुसट, पण दारं, खिडक्या, धुराडं स्वच्छ. आणि दारापाशी टोपी घालून उभा सेथ किर्टन. जुन्या नकाशात तर इमारत म्हणजे नुसता एक चौकोन, त्यावरून काही कळायचं नाही. सारी भिस्त ह्या फोटोवर.

"हे बघा," एडविन म्हणाला. "आठवण फसवते. फोटो फसवत नाही."

"मी त्या ऑफिसात लहानाची मोठी झाले, एडविन. फोटोत नाही."

"तुमचं वय..."

झालं! बर्नर्डनं डोळे मिटून घेतले. हेस्टरबाईंनी हातातला भरलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला, केकला शिवल्यासुद्धा नाहीत, आणि निघून गेल्या. आमच्याकडे माणूस भांडून जातो, शिव्या देऊन जातो, पण चहा टाकून जात नाही. त्यानंतर त्यांनी एडविनचं नाव काढलं नाही.

खरं सांगायचं तर एडविनलाही आत कुठंतरी खुटखुटत होतं. वेटिंग रूममध्ये शिरलं की डाव्या गालाला शेगडीची ऊब लागायची असं त्याला आठवत होतं, आणि फोटोप्रमाणे ती उजवीकडे यायला हवी. पण सहा वर्षांच्या पोराच्या गालाला कोण विचारतो? जगाला लावलेला कायदा त्यानं स्वतःलाही लावला, आणि गालाला खोटं पाडलं.

तर यंदा सप्टेंबरात ग्रिमसेटच्या जत्रेचं बोलावणं आलं. जत्रा म्हणजे मेंढ्यांची पारख, कांद्यांची आणि लीक नावाच्या जाड पातीच्या कांद्यांची स्पर्धा, केक, जाम, आणि संध्याकाळी रस्सीखेच. गावच्या हॉलमध्ये भाज्यांच्या टेबलांशेजारी छोटं स्टेशन मांडायचं होतं. समितीच्या अध्यक्षा अर्थातच हेस्टर ऑल्डरसन. "आणू दे त्याला," असं त्या म्हणाल्याचं एडविनच्या कानावर आलं. "सगळा गाव बघेल."

"ही धमकी आहे," बर्नर्ड म्हणाला.

"येऊ दे सगळा गाव," एडविन म्हणाला. "फोटो मोठा करून मागच्या पडद्यावर लावतो. दूध का दूध, पानी का पानी."

फोटो मोठा करून आणायचं काम मार्जरीकडे आलं. दुकानातून तिनं दाराएवढा कागद गुंडाळून आणला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवला. एडविन टोस्ट खात होता. मार्जरी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"एडविन, तुझ्या वडिलांची बोटं कुठल्या हाताची गेली होती?"

"डाव्या. दोन. डबे जोडताना सापडली. का गं?"

"मग इथं उजव्या हाताची कशी गेली?"

एडविन टोस्ट हातात धरूनच उठला. सेथ किर्टन दारापाशी उभा होता, हात खाली सोडून. एका हाताची पाचही बोटं. दुसऱ्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, नव्हतीच. आणि तो हात उजवा होता. कोटाची बटणंही बायकांच्या कोटासारखी उलट्या बाजूला.

काचेची निगेटिव्ह पालथी धरून छापली की डाव्याचं उजवं होतं. ह्या छंदातल्या कुठल्याही माणसाला हे पाठ असतं. एडविननं तर त्यावर क्लबात भाषण दिलं होतं, तेही दोनदा, आणि दुसऱ्यांदा कोणी नको म्हणत असताना!

तो खुर्चीत बसला. मार्जरीनं चहा पुढं सरकवला.

"सहा वर्षं, मार्जरी. भिंग लावून ह्या फोटोतले दगड मोजले मी. धुराड्याच्या विटा मोजल्या. आणि मधे बाप उभा आहे माझा. त्याच्याकडे बघितलं नाही." त्यानं टोस्ट बशीत ठेवला. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, हा माझा बाप म्हणून. आणि स्वतः एकदा नीट बघितलं नाही गं."

मार्जरीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खरंच होतं ते.

बातमी शेडमध्ये पोचली तेव्हा बर्नर्डला आधी हसू आलं, मग एडविनचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. जत्रा आठवड्यावर आली होती.

"सोडून दे," तो म्हणाला. "फोटो लावू नकोस म्हणजे झालं. कोणाला कळतंय?"

"हेस्टर ऑल्डरसनला."

"तिला आधीच कळलेलं आहे. आपणच ऐकलं नाही. म्हणजे तिच्या बाजूनं काही बदललेलं नाही, बघ."

"बर्नर्ड, ग्रिमसेटच्या माणसांच्या दारात जाऊन त्यांना उलटं ग्रिमसेट दाखवू? लीड्समध्ये खपेल. यॉर्कमध्ये कप मिळाला, तिथं खपलंच. ग्रिमसेटला नाही खपवणार."

"मग जाऊच नको."

"जाणार." एडविननं बारीक दातांची करवत उचलली. "धर जरा फळी."

आणि त्यानं फलाटावरून आख्खी इमारत कापून काढली. बाकीच्या चौघांनी तोंड फिरवलं. आपल्या हातानं आपलं पोर घराबाहेर काढावं तसं ते बघवत नव्हतं. काढलेली इमारत मात्र त्यानं मोडली नाही. कापडात गुंडाळून बाजूला ठेवली.

मग त्या शेडमध्ये जे काम झालं त्याला तोड नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. सहा वर्षांचं काम सहा दिवसांत होत नाही. पण चुकीचं का होईना, एकदा पूर्ण केलेलं काम दुसऱ्यांदा हाताला ठाऊक असतं. एडविननं नव्या भिंती कापल्या आणि दगड कोरायला घेतले. तारा जोडणाऱ्यानं आयुष्यात कधी कात्री धरली नव्हती, तो छपराच्या पाट्या कापायला बसला. डोंगरवाल्यानं धुराड्याच्या विटा रंगवल्या. मार्जरीनं खिडक्यांना पडदे शिवले, आणि एडविन "पडद्यांचा पुरावा..." म्हणायला गेला तर म्हणाली, "तू आता पुराव्याचं नाव काढू नकोस." सगळे हसले. एडविनही हसला, आणि त्या आठवड्यातलं ते त्याचं पहिलं हसू होतं.

जत्रेच्या सकाळी मागच्या पन्हळीचा रंग ओला होता. पण इमारत उभी होती. ऑफिस गावाकडच्या टोकाला. त्याच्या खिडकीशी डोळा नेला तर सरळ वरचा रस्ता दिसत होता, वळणापर्यंत.

बर्नर्डला वाटलं, निभावलं. नवं बसवलं, म्हातारी खूश होईल, कोणी काही विचारणार नाही. पण एडविननं गाडीतून ते कापडाचं गाठोडं आणलं. मांडणीच्या पुढं एक लहान टेबल ठेवलं, त्यावर उलटी इमारत मांडली, आणि कार्ड उभं केलं. ठळक अक्षरांत, सुतार लाकडावर लिहितो तसं:

"हे चूक आहे. बांधणारा: एडविन किर्टन. दोन वर्षांपूर्वी चूक सांगणारी: मिस हेस्टर ऑल्डरसन. तेव्हा न ऐकणारा: पुन्हा एडविन किर्टन."

"अरे, वेड लागलंय का तुला?" बर्नर्ड कुजबुजला. "लँकेशायरवाले आलेत!"

"दिसतायत मला."

"जन्मभर पुरेल त्यांना हे!"

"पुरू दे. मी त्यांच्या चुका काय खिशात घालून ठेवल्या होत्या?"

ह्याला म्हणतात पाठीचा कणा. दुसऱ्याची चूक हॉलभर ऐकवणारे गल्लोगल्ली मिळतात. स्वतःची चूक त्याच आवाजात ऐकवणारा मी तरी एकच पाहिला.

लोक येऊ लागले. मेंढ्यांचे लोक बुटांना चिखल घेऊन, बायका केक झाकून. जो तो आधी ते कार्ड वाचायचा, मोठ्यानं हसायचा, मग मांडणीकडे वळायचा आणि हसू थांबायचं. कोणीतरी चावटानं भाज्यांच्या टेबलावरचं "लीक, तिसरं बक्षीस" हे कार्ड आणून उलट्या इमारतीला टेकवून ठेवलं. एडविननं ते बघितलं आणि तसंच राहू दिलं.

लँकेशायरचा तो गृहस्थही वाकून कार्ड वाचत होता. सगळ्यांना वाटलं, आता हा वचपा काढणार. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, एडविनकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमचे सिग्नल अजून चालतात हो. एकदम झकास." बर्नर्डला ते सिग्नल कुठले ते अजून ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो बघतच राहिला.

मग हॉलच्या दारात काठी वाजली. हेस्टर ऑल्डरसन, निळी हॅट घालून. गर्दीनं आपोआप वाट दिली. त्या लहान टेबलापाशी थांबल्या. कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. एडविन टोपी काढून उभा होता. एवढा मोठा माणूस, पण पाचावर धारण बसलेली.

"मिस ऑल्डरसन, मी तुम्हाला..."

"वाचता येतं मला," त्या म्हणाल्या. "बाजूला हो, उजेड अडवतोयस."

त्यांनी काठी बर्नर्डच्या हातात दिली, मांडणीच्या कडेला धरलं, आणि हळूहळू खाली वाकल्या, डोळे फलाटाच्या पातळीला येईपर्यंत. नव्वदीला टेकलेली बाई. कोणाची हात द्यायची छाती झाली नाही. हॉलमध्ये लीकवाल्यांची चाललेली कुरबुरही बंद पडली.

"रस्ता दिसतोय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बाबांना रस्ता दिसतोय."

एडविननं पडद्यामागच्या माणसाला खूण केली. घंटा दोनदा वाजली, इकडून उलट दोनदा वाजली, म्हणजे गाडी घ्यायला स्टेशन तयार आहे. सिग्नल पडला. डोंगराच्या कुशीतून छोटं काळं इंजिन आलं, मागं दोन तांबडे डबे, आणि सावकाश, अगदी सावकाश, फलाटाला लागलं.

आणि हेस्टर ऑल्डरसन, जिला ह्या गावात कोणी मोठ्यानं हसतानाही पाहिलं नव्हतं, ती वाकलेली सरळ झाली, तिनं मान वर केली आणि हॉलचं छप्पर हादरेल अशा आवाजात ओरडली:

"ग्रिमसे...ट! ग्रिमसे...ट! उतरा रे सगळे! पुढं नुसत्या मेंढ्या!"

पोरं दचकली. भिंतीकडेला बसलेले दोन म्हातारे ताडकन उठून उभे राहिले. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसतही होता. "सेथ!" तो म्हणाला. "अरे, हे तर सेथचं!"

"सेथचंच," हेस्टरबाई म्हणाल्या, आणि आता त्या एडविनकडे वळल्या. "रोज ओरडायचा, प्रत्येक गाडीला. माझ्या बाबांना राग यायचा. कंपनीच्या नोकरीत थट्टा चालत नाही म्हणायचे, दोनदा लेखी ताकीद दिली. तरी ओरडायचाच. अख्खी गाडी हसत उतरायची. तुला आठवत नाही?"

एडविनला आठवत नव्हतं. त्याच्या आठवणीतला बाप गिरणीतून यायचा, बूट काढायचा, शेगडीसमोर बसायचा. जेवायला वाढ, दिवा मालव, एवढंच बोलायचा. मरेपर्यंत त्याचा आवाज चढलेला एडविननं कधी ऐकला नव्हता. आपला बाप मुखदुर्बळ होता, असंच तो आजवर समजत होता.

"हेच आमचं स्टेशन आहे, किर्टन," हेस्टरबाई म्हणाल्या. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता चहा आण मला. आणि केक. मोठा तुकडा."

चहा मार्जरीनं आणला, कारण एडविन जागचा हलला नव्हता. बर्नर्डनं त्याला कोपरानं ढोसलं. पुढची गाडी पाठवायची वेळ झाली होती. घंटा वाजली, परत वाजली, सिग्नल पडला, आणि इंजिन डोंगराच्या कुशीतून बाहेर आलं. सगळं गाव फलाटाभोवती दाटलं होतं. डबे थांबले.

एडविननं छाती भरून श्वास घेतला. पहिल्यांदा नुसता घोगरा आवाज निघाला. त्यानं घसा खाकरला, टोपी डोक्यावर चढवली, आणि पुन्हा ओरडला.